काट्यापलीकडचा सॅक्सोफोन

बदलापूरच्या कुळगावात सॅक्सोफोन ऐकू येतो तो लग्नसराईत. वरातीच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट-क्लॅरिनेटच्या जोडीला एखादा वाकड्या नळीचा सॅक्सोफोन असतो. तो वाजवणाऱ्याच्या अंगावर लाल कोट, डोक्यावर तुरा आणि फर्माईश मात्र चालू महिन्यातल्या गाण्यांची. वरात पुढे सरकली की ते वाद्यही गेलं. एरवी ते ऐकायचं तर जुन्या हिंदी गाण्यांच्या दोन कडव्यांमधल्या जागा धुंडाळाव्या लागतात. दिवसभर चालू असलेल्या रेडिओवर नुसत्या सॅक्सोफोनची अख्खी चार मिनिटं लागली, असं सहसा होत नाही. बदलापुरात होत नाही, मुंबईत होत नाही. आणि ज्या अमेरिकेत या वाद्याच्या जोरावर मोठमोठी रेडिओ केंद्रं वीस वर्षं चालली, तिथेही आता फारसं होत नाही. एखादं संगीत रेडिओवर का वाजतं आणि दुसरं का वाजत नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे. सुरुवात हवेपासून करू.

रेल्वेच्या हिशेबात बदलापूर मुंबईच्या सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे. नकाशावर पट्टी ठेवून वरळीच्या मनोऱ्यापासून मोजलं तर अंतर पन्नास किलोमीटरच्या आत येतं. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. तीनशे मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून त्या सोडल्या तर पृथ्वीची गोलाई जमेस धरूनही सपाट मुलखात साधारण सत्तर किलोमीटरपर्यंत पोचाव्यात. पण हा मुलूख सपाट नाही. मध्ये पारसिकची टेकडी आहे, मलंगगडाची रांग आहे. त्यामुळे कुळगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर स्वच्छ लागणारं केंद्र शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावर खरखरतं. लोकलमध्ये मोबाइलवर रेडिओ ऐकणाऱ्यांना हे पाठ असतं. इअरफोनची वायर हीच त्या फोनची अँटेना, म्हणून ती हाताने वर धरून उभी राहणारी माणसं एके काळी प्रत्येक डब्यात दिसायची. जुन्या जलद मार्गावरच्या पारसिक बोगद्यात गाडी शिरली की गाणं तुटायचं ते पलीकडे निघाल्यावरच पुन्हा लागायचं.

मीडियम वेव्हचं तसं नाही. त्या लहरी जमिनीला धरून जातात, डोंगराला वळसा घालतात. म्हणून आकाशवाणी मुंबईची १०४४ आणि ५५८ किलोहर्ट्‌झवरची केंद्रं घाटाखालच्या खेड्यांतही लागायची. शॉर्टवेव्हची तर गंमतच. ती वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येते, त्यामुळे तिला जवळपासचं गाव चुकतं आणि दूरचं सापडतं. कुळगावापासून कोलंबो सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे. पण १९५०च्या दशकात इथल्या वाल्वच्या रेडिओवर तिथलं रेडिओ सिलोन खणखणीत लागायचं.

हवेच्या या मर्यादा निदान निःपक्षपाती असतात. डोंगराला गाण्याची आवडनिवड नसते. माणसांना असते, आणि आपल्याकडे ती सगळ्यात ठसठशीतपणे दिसली १९५२ साली.

त्याआधीची चार-पाच वर्षं पाहू. पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजे सगळ्यांचे सी. रामचंद्र, हे विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. सिनेमात आल्यावर मात्र त्यांचा कान मुंबईतल्या हॉटेलांच्या बँडकडे लागला. ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकापासून अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझवादक येऊन वाजवत होते. १९३५ साली लिऑन ॲबी आपला बँड घेऊन आले, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्याकडून ही विद्या उचलली ती गोव्याच्या पोरांनी. गोव्यात चर्चच्या शाळांमधून लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची, व्हायोलिन हातात दिलं जायचं. कागदावरचं संगीत वाचून लगेच वाजवणं त्यांच्या हातचा मळ होता. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा देव आणि चिक चॉकलेट हे त्यांचं बँडच्या दुनियेतलं नाव.

सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट एकत्र आले आणि हिंदी गाण्याच्या पायात वेगळंच बळ आलं. ‘शहनाई’पासून (१९४७) सी. रामचंद्रांची पाश्चात्त्य ठेक्याची गाणी गाजू लागली होतीच. ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) यांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बोंगो हे सगळं उघडउघड पुढे आलं. ‘अलबेला’मध्ये चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. नायक कोण, तर गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवान पालव, म्हणजे भगवानदादा. अमेरिकेतून ताजमहाल हॉटेलात उतरलेलं संगीत दीड-दोन दशकांत गिरणगावच्या गल्लीत नाचू लागलं. एवढ्या झपाट्याने एखादं परकं संगीत आपल्यात मुरल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आणि नेमकं हेच बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना सहन होईना.

केसकर पुण्याचे. १९०३चा जन्म. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले, म्हणजे पश्चिमेची माहिती नसलेले गृहस्थ नव्हेत. १९५२ साली ते माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२पर्यंत त्या खुर्चीत राहिले. त्यांचं मत स्पष्ट होतं. रागदारी ही देशाची ठेव आहे, राजाश्रय संपल्यावर तिला सांभाळायचं तर रेडिओनेच, आणि चित्रपटगीतं म्हणजे उथळ शब्द आणि उसन्या पाश्चात्त्य चाली. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वाटा एकूण वेळेच्या दहा टक्क्यांवर आणायचा ठरला, गाणी आधी चाळून घ्यायची ठरली. शिवाय सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती जाहिरात होते. फक्त गायकाचं नाव. निर्माते चिडले. त्यांनी आपली गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. एका बाजूने कात्री आणि दुसऱ्या बाजूने कुलूप. काही महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसं झालं.

मग रेडिओ सिलोन. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या फौजांसाठी उभारलेलं दणकट प्रक्षेपण यंत्र तिथे तयारच होतं. ३ डिसेंबर १९५२ रोजी अमीन सायानींचा ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम तिथून सुरू झाला. त्याचं ध्वनिमुद्रण व्हायचं मुंबईत आणि टेप विमानाने कोलंबोला जायची. म्हणजे दादर-महालक्ष्मीच्या स्टुडिओत गायलेलं गाणं कुळगावच्या ओटीवर पोचायला आधी कोलंबोला जाऊन तिथून परत यायचं. साठ-सत्तर किलोमीटरच्या प्रवासासाठी तीन हजार किलोमीटरचा वळसा! सरकारी अटकावाचं इतकं विनोदी मोजमाप शोधून सापडणार नाही. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू करून माघार घेतली. माघार म्हणायचं नाही एवढीच अट होती.

केसकरांना या कथेतला खलनायक ठरवणं सोपं आहे आणि तसं अनेकांनी ठरवलंही आहे. मला ते अर्धंच पटतं. चित्रपटगीतांनी रिकामी केलेली जागा भरायची म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताकडे लक्ष दिलं, कवी आणि संगीतकार नोकरीवर घेतले, केंद्राकेंद्रांवर वाद्यवृंद ठेवले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. केंद्रावरचे सीताकांत लाड, कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. वर्षाहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. आजच्या कुठल्याही खासगी एफएम केंद्राच्या प्रमुखापुढे हा प्रस्ताव ठेवून पाहा: कोणी कधी न ऐकलेली छप्पन्न गाणी, साधारण वर्षभरात, तीही पौराणिक विषयावर. चहा पाजून परत पाठवतील. मंत्र्याच्या हट्टामुळे जॅझच्या अंगाचं गाणं बाहेर गेलं, आणि त्याच काळात, त्याच आकाशवाणीवर मराठी भावगीताला हक्काचं घर मिळालं. दोन्ही खरं आहे. सी. रामचंद्र, केसकर, फडके, आणि आकाशवाणीच्या कलावंतांची परीक्षा घेणाऱ्या मंडळाचे प्रमुख श्रीकृष्ण रातंजनकर हे सगळे मराठीच. परक्याने लादलेली ही बंदी नव्हती. घरातल्या घरातलं भांडण होतं.

आकाशवाणीच्या अशा सोवळ्याची परंपरा तशी जुनी. १९४० साली तिथे पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, मज्जाव झाला. स्वर ठोकळेबाज, मींड निघत नाही, हे कारण. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात, जिथे नाट्यसंगीत पेटीशिवाय उभं राहत नाही, तिथेही नियम तोच. साथीपुरती ती पुन्हा आत आली ती १९७१च्या सुमारास. तीस वर्षं गावोगावच्या भजनात पेटी वाजत होती आणि रेडिओवर ती नव्हती.

या पार्श्वभूमीवर १९६८ सालची एक तबकडी समोर ठेवतो. शंकर-जयकिशन यांनी एचएमव्हीसाठी ‘रागा जॅझ स्टाइल’ नावाची एलपी केली. तोडी, मालकंस, कलावती, भैरवी असे अकरा राग. सतारीवर उस्ताद रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो. गाण्याचे शब्द नाहीत, सिनेमा नाही, नट-नटी नाहीत. प्रत्येक तुकडा तीन-चार मिनिटांचा, कानाला गोड, कुठेही अंगावर न येणारा. पुढे अमेरिकेत ज्याला ‘स्मूद जॅझ’ म्हणू लागले, त्याच्या बरंच जवळचं हे काम मुंबईत वीस वर्षं आधी झालेलं होतं.

आता आकाशवाणीच्या त्या वेळच्या कार्यक्रमपत्रिकेत ही तबकडी कुठल्या खणात घालायची ते ठरवा. शास्त्रीय संगीताच्या सभेत? रागाची नावं आहेत, पण आलाप नाही, श्रेणीप्राप्त कलावंताचं वादन नाही. पाश्चात्त्य संगीताच्या तासात? सतार आहे. चित्रपटसंगीतात? सिनेमाच नाही. अशा संगीताला रेडिओवर एकच जागा उरते: दोन कार्यक्रमांमध्ये उरलेली मिनिटं भरायला, नाव न सांगता. माझ्या मते या मर्यादेबद्दल बंदीपेक्षा कमी बोललं जातं आणि तिने नुकसान जास्त केलं आहे. बंदीविरुद्ध माणूस भांडू तरी शकतो. खण नसल्याबद्दल कुणाकडे तक्रार करणार?

अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी उलट केलं. त्यांनी या संगीतासाठी खणच तयार केला, आणि मग त्या खणाने संगीताचं काय केलं ते फार बोलकं आहे.

१४ फेब्रुवारी १९८७ रोजी लॉस एंजेलिसमधलं एक जुनं रॉक केंद्र बंद होऊन त्याच लहरीवर ‘द वेव्ह’ सुरू झालं. मंद लयीचं, बहुतेक शब्दांविना असलेलं संगीत, निवेदकांची बडबड जवळजवळ नाही. दिवसभर कचेरीत बसणाऱ्या, खिशात पैसे असणाऱ्या मध्यमवयीन लोकांना ते आवडलं आणि जाहिरातदारांना ते लोक आवडले. पाहता पाहता न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन सगळीकडे अशी केंद्रं निघाली. ‘स्मूद जॅझ’ हे नावही म्हणे कुठल्या वादकाने किंवा समीक्षकाने दिलेलं नाही. शिकागोत श्रोत्यांच्या एका चाचणीत कुणी बाई सहज बोलून गेल्या आणि सल्लागारांनी ते उचललं.

या चाचण्या समजून घेण्यासारख्या आहेत. एका दालनात निवडक श्रोते बसवायचे. प्रत्येकाच्या हातात एक फिरवायचं बटण. शेकडो गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक वाजवायचे. आवडलं तर बटण वर, नावडलं तर खाली. काही चाचण्या फोनवर व्हायच्या. त्यातून निघालेल्या आकड्यांवरून केंद्राची यादी ठरायची. यातली मेख अशी, की सात-आठ सेकंदांत माणूस गाणं ऐकत नाही, ओळखतो. ओळखीचं गाणं वर जातं, अनोळखी खाली. म्हणून नव्या धूनपेक्षा जुन्या गाजलेल्या गाण्याची सॅक्सोफोनवरची नक्कल चाचणीत नेहमी पुढे. लांब सोलो असेल तर तो कापायचा. ड्रमचा जोर झाला तर कमी करायचा. कान टवकारायला लावणारी कुठलीही जागा धोक्याची, कारण कान टवकारला की हातही बटणाकडे जाऊ शकतो. श्रोत्याला केंद्र बदलायची आठवणच होऊ नये, ही रेडिओची खरी कमाई.

वादकांना हे लवकरच कळलं. सॅक्सोफोनवादक केनी जी यांच्या १९९२च्या ‘ब्रेथलेस’ अल्बमच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी २० लाखांवर प्रती गेल्या, तेव्हा वाट कुठली धरायची हे सांगायला पंचांगाची गरज नव्हती. नव्या अल्बममध्ये दहा-अकरा तुकडे असत. त्यांतले एक-दोन रेडिओसाठी: ओळखीची चाल, चार मिनिटांच्या आत, मधे एखाद्या गायिकेच्या दोन ओळी. बाकीचे वादक स्वतःसाठी वाजवायचे. केंद्रं तेवढेच एक-दोन उचलायची आणि महिनोन्‌महिने घासायची. श्रोत्याची समजूत अशी व्हायची, की हा वादक एवढंच वाजवतो. मग पुढच्या अल्बममध्ये दोनाचे चार झाले, चाराचे आठ. जॅझच्या जुन्या जाणत्यांनी या संगीताची यथेच्छ टिंगल केली. ती काही अंशी योग्यही होती. पण टीकेचा रोख वादकांवर राहिला. बटण फिरवणाऱ्या दालनावर तो फारसा गेला नाही.

शेवट आला तो एका यंत्राने. पूर्वी श्रोत्यांनी वहीत लिहायचं असे: आज अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत हे केंद्र ऐकलं. कचेरीतली माणसं ‘सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच’ असं लिहून मोकळी व्हायची. २००७पासून कमरेला लावायचं एक छोटं उपकरण आलं. प्रक्षेपणातला कानाला न कळणारा संकेत टिपून ते केंद्र खरोखर किती वेळ कानावर पडलं, ते नोंदवू लागलं. वहीतले आठ तास गळाले. २००८च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कचं आणि २००९च्या मे महिन्यात शिकागोचं स्मूद जॅझ केंद्र बंद झालं. लॉस एंजेलिसचं ‘द वेव्ह’ नाव टिकवून हळूहळू दुसऱ्या संगीताकडे सरकलं. कोणाला खटकू नये म्हणून घासून गुळगुळीत केलेलं संगीत शेवटी कोणाच्या लक्षातही राहीना.

जाता जाता एक गंमत. रेडिओशिवायही संगीत कसं पोचतं पाहा: केनी जी यांची ‘गोइंग होम’ ही धून चीनमध्ये वर्षानुवर्षं दुकानं, शाळा, बाजार बंद व्हायच्या वेळी वाजते. ती लागली की लोक पिशव्या आवरून निघतात. ना चाचणी, ना जाहिरातदार.

मुंबईच्या खासगी एफएमची गोष्ट अमेरिकेतली स्मूद जॅझ केंद्रं चालू असतानाच सुरू होते. २०००च्या लिलावात मुंबईच्या परवान्यांची बोली वर्षाला पावणेदहा कोटी रुपयांपर्यंत गेली, आणि त्यावर दरवर्षी १५ टक्के वाढ. २००२च्या उन्हाळ्यात केंद्रं सुरू झाली तीच हे ओझं डोक्यावर घेऊन. बातम्या द्यायला परवानगी नव्हती. संगीत कंपन्यांना पैसे द्यायचे ते ‘नीडल अवर’च्या हिशेबाने, म्हणजे प्रत्यक्ष गाणी वाजली त्या तासांवर. यात नवख्या गायकाच्या गाण्याला आणि नावाजलेल्या गाण्याला भाव एकच. दुकानदाराला आंबा आणि करवंद एकाच दराने घ्यावं लागलं तर तो करवंदं कशाला ठेवील? एक केंद्र इंग्रजीकडे झुकलेलं होतं, तेही काही वर्षांत बदललं. बाकी सगळीकडे तीच हिंदी चित्रपटगीतं. २००५नंतर परवान्याची रीत बदलून एकदाच भरायचं शुल्क आणि उत्पन्नाचे चार टक्के अशी झाली. २०१०मध्ये कॉपीराइट बोर्डाने संगीताचं मानधन जाहिरात-उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर आणलं. गळ्याचा फास सैल झाला. यादी मात्र फारशी लांबली नाही.

का, ते गणितानेच दिसतं. तासाला बारा गाणी धरली, आणि जाहिराती पाहता ती जास्तच झाली, तर दिवसाला २८८ जागा. चालू हंगामातलं गाजतं गाणं दर तीन तासांनी लावायचं म्हटलं तर ते दिवसात आठ वेळा येतं. अशी वीस गाणी धरली की १६० जागा गेल्या. उरलेल्या १२८ जागांत गेल्या काही वर्षांतली खात्रीची गाणी, जुनी सदाबहार, आणि अगदीच उरल्या तर नवी. हे वाटप संगणकाची प्रणाली करते. माणूस नियम घालून देतो. यात वाद्यसंगीताची एखादी नवी तबकडी शिरायची तर कुणाचं तरी गाजतं गाणं काढावं लागेल, आणि त्याची जबाबदारी घेणारा माणूस केंद्रात नसतो.

याच यादीच्या बाहेर त्या काळात आणखी एक मोठी वस्ती होती: मराठी गाणी. मुंबईच्या खासगी केंद्रांवर मराठी गाणं लागत नाही याचं कारण संगीतकार कौशल इनामदार यांनी एका रेडिओ केंद्रावरच विचारलं. मराठी वाजवलं तर केंद्राची प्रतिमा खालच्या दर्जाची होईल, असं त्यांना सांगण्यात आलं. हा अनुभव त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितला आहे. त्यातून ‘मराठी अभिमानगीत’ उभं राहिलं: सुरेश भटांची कविता, चारशेहून अधिक गायक, लोकांनी केलेली आर्थिक मदत, आणि २७ फेब्रुवारी २०१० रोजी, मराठी भाषा दिनी, प्रकाशन. रेडिओच्या बाहेरच ते लोकांच्या तोंडी गेलं. याच काळात राजकीय पक्षांनी केंद्रांवर दबाव आणला आणि मराठी गाणी थोडीफार वाजू लागली.

मला इथे केसकरांची आठवण होते. मंत्री म्हणत होते, हे गाणं देशाच्या अभिरुचीला शोभत नाही. केंद्रवाले म्हणत होते, हे गाणं आमच्या जाहिरातदारांना शोभत नाही. फरक एवढाच, की मंत्र्याला लोकसभेत प्रश्न विचारता येत होता. २०१६ साली ‘सैराट’ आला, अजय-अतुल यांनी त्याच्यासाठी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि एरवी हिंदीच वाजवणाऱ्या केंद्रांनाही ती गाणी लावावी लागली. म्हणजे दार उघडलं ते गाण्याच्या तिकिटबारीवरच्या नावाला. गैरफिल्मी मराठी गाणं, आणि त्याच्याही पलीकडे शब्दांविना वाजणारा सॅक्सोफोन, हे बाहेरच राहिले.

मधे काही वर्षं एक वेगळी वाट दिसली होती. २००० साली सोडलेल्या ‘एशियास्टार’ उपग्रहावरून ‘वर्ल्डस्पेस’ ही रेडिओसेवा भारतात आली. खास संच घ्यायचा, वर्गणी भरायची, खिडकीत छोटी अँटेना आकाशाकडे वळवून ठेवायची. डोंगराचा प्रश्न नाही, कारण लहर वरूनच येते. जॅझसाठी ‘रिफ’, हिंदुस्तानी संगीतासाठी ‘गंधर्व’ अशा स्वतंत्र वाहिन्या, आणि जाहिराती नाहीत. इथे श्रोता स्वतः पैसे देत होता, त्यामुळे अल्बममधला सातवा तुकडाही लागायचा. कंपनी कर्जात बुडाली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा थांबली. ते संच अजूनही काही घरांच्या माळ्यावर असतील.

आता सगळं मोबाइलवर आहे आणि ‘रागा जॅझ स्टाइल’ शोधली तर दोन मिनिटांत लागते. मर्यादा संपल्या, असं मात्र नाही. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं तरच ते ‘वाजलं’ असं धरलं जातं. म्हणून नव्या गाण्यांची प्रस्तावना आखूड होत चालली आहे. मनोहारी सिंग जिथे श्वास भरून घेत, तिथपर्यंत आजच्या हिशेबात गाणं पटवून झालेलं असलं पाहिजे.

कुळगावसारख्या गावासाठी कायद्यात एक शक्यता आहे, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं आहे. २००६च्या अखेरीस सरकारने सामुदायिक रेडिओचं धोरण सैल करून स्वयंसेवी संस्थांनाही परवाने खुले केले. अशा केंद्राला १०० वॅटची शक्ती आणि साधारण तीस मीटरचा मनोरा मिळतो. पोच पाच ते दहा किलोमीटर, म्हणजे कुळगावात उभारला तर एकीकडे अंबरनाथ, दुसरीकडे वांगणीच्या वाटेपर्यंत. मधे मलंगगड येत नाही. निम्मा मजकूर तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेला असावा, अशी अट आहे. पावणेदहा कोटींची बोली नाही, बटण फिरवणारं दालन नाही. लोकलच्या डब्यातली भजनी मंडळं, शाळांची वाद्यवृंद पथकं, बेंजो पार्ट्या, वरातीतला ब्रास बँड हे सगळं त्या निम्म्या वाट्यात बसतं. अडचण पैशाची आहे: जाहिरातींना ठरावीक मिनिटांची मर्यादा, आणि यंत्रं, वीज, दोन-चार माणसांचे पगार हा खर्च दर महिन्याचा. महाराष्ट्रात अशी केंद्रं चालवतात ती मुख्यतः विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संस्था. लाल कोटातल्या वादकाला लग्नसराई नसलेल्या महिन्यांत बोलावून तास-दोन तास वाजवून घ्यायचं आणि ते जपून ठेवायचं, एवढा एक कार्यक्रम जरी अशा केंद्राने केला, तरी ठाणे जिल्ह्यातल्या ब्रास बँडचा एक अल्बम तयार होईल.